ऑक्टोपस कुणालाच ओळखत नाही

माझा मोठा भाऊ मत्स्यालयात कामाला आहे. टाक्या घासणं, पाणी तपासणं, माशांना खाऊ घालणं हे त्याचं काम. आणि येईल त्याला थांबवून समुद्रातली नवलं ऐकवणं हा त्याचा स्वभाव. समुद्रघोड्यांत बाळंतपण नराकडे असतं, हे त्याने माझ्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं. सासूबाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

हे कमी म्हणून की काय, दादाला चाच्यांचं वेड. बावीस भागांची एक कादंबरीमाला आहे. तिच्यातल्या चाच्यांच्या कप्तानाला बोट लागते. बिचारा लूट करतो ती ओकाऱ्या काढत काढत. आमच्या गावात या कप्तानाचे अकरा भक्त आहेत. महिन्यातून एकदा ते एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतात आणि कादंबरीतले प्रसंग वठवतात. डॉक्टर तोफा सांभाळतात, दादा सुकाणू. वहिनीने त्याला जुन्या पडद्याचा लाल डगला शिवून दिला. "निदान पडदा तरी कामी आला," एवढंच ती म्हणते. चौथ्या भागात ऑक्टोपसला दोन हृदयं दाखवली होती. दादाने प्रकाशकाला नऊ पानी पत्र लिहिलं, की हृदयं तीन असतात. पुढच्या आवृत्तीत तीन झाली. लोक मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवतात तसं तो ते पान दाखवतो.

त्याचा खरा जीव मात्र मत्स्यालयातल्या ऑक्टोपसवर. ती माणसांचे चेहरे ओळखते. एका पहारेकऱ्याशी तिचं बिनसलं होतं. तो दिसला की ती नेमकी त्याच्याच अंगावर पाणी उडवायची. वहिनीचा भाऊ एकदा म्हणाला, या थापा आहेत. दादा त्याच्याशी सहा महिने बोलला नाही.

दर गुरुवारी शाळा सुटली की मी तिथे जायचे. दादा टाकीचं झाकण उघडायचा, मी कोळंबी द्यायचे, आणि ती हळूच माझ्या मनगटाला विळखा घालायची. "ही तिघांनाच ओळखते," दादा म्हणायचा. "एक मी, एक तो पहारेकरी, आणि एक तू." मला त्याचा अभिमान वाटायचा. पण चोरून. शाळेत कुणी भावाबद्दल विचारलं की मी विषय बदलायचे. त्या वर्षी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं, आणि भाऊ डगला घालून फिरतो हे कळलं तर आपलं हसं होईल, या धास्तीने मला ग्रासलं होतं.

पाचवीची सहल मत्स्यालयात न्यायचं ठरलं, तेव्हा मी मुद्दाम दादाच्या सुट्टीचा वार निवडला. त्याला कळवलंही नाही. पण नेमका तो त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी बदली आला होता. शाळेची मुलं येणार म्हणून नटलेला : लाल डगला, कमरेला लाकडी तलवार, हातात कोळंबीची बादली. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"हे काय सोंग?" गणिताच्या बाई माझ्या कानाशी लागल्या. "तुमच्याकडे बघून हसतायत. ओळखीचे आहेत का?"

"छे," मी म्हटलं. "असल्या माणसाला मी कशाला ओळखू?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते 'असल्या' कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. दादा हातभर अंतरावर होता. त्याने बादली या हातातून त्या हातात घेतली आणि मुलांकडे वळला.

ऑक्टोपसच्या टाकीपाशी आलो. ती कोपऱ्यातल्या दगडाखालून निघाली आणि तडक माझ्यासमोर काचेला चिकटली. मी डावीकडे सरकले, ती डावीकडे. मी गणिताच्या बाईंच्या मागे गेले, तर तीही तिकडे.

"बाई, ही तुमच्याच मागे येतेय," एक मुलगी म्हणाली.

हेडसर पुढे झाले. "काय हो, हा प्राणी माणसं ओळखतो म्हणे. खरं का?"

सगळे दादाकडे बघायला लागले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून माझा भाऊ जन्मभर थांबला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही सर," तो म्हणाला. "तेवढी अक्कल नसते त्याला. बाईंच्या पर्सचं बक्कल चमकतंय, ते खाऊ वाटतंय त्याला."

आणि त्याने मुलांना पुढच्या टाकीकडे नेलं. ती मात्र काचेवर तशीच होती, माझ्यासमोर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "मुलं नीट पोचली ना?"

"हो. दादा, मी..."

"असू दे गं. नोकरीच्या ठिकाणी होतं असं." मग म्हणाला, "गुरुवारी येतेस ना?"

मी हो म्हटलं. गेले मात्र नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

सोमवारी मुलांनी सहलीवर निबंध लिहून आणले. ऑक्टोपस माझ्या मागे येतेय म्हणणाऱ्या त्या मुलीने लिहिलं होतं : 'ऑक्टोपस माणसांना ओळखतो असं मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते चूक आहे. डगलेवाल्या काकांनी सांगितलं. काकांना सगळं माहीत आहे.'

मी लाल पेन उचललं. एक ओळ लिहायची होती, की पुस्तक बरोबर आहे. पण मुलीने विचारलं असतं, बाई, तुम्हाला कसं माहीत? समोरच्याच टेबलावर गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. मी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. खरं वाक्य तिने पट्टी लावून नीट खोडलं होतं.

"आता बरोबर आहे ना, बाई?"

मी हो म्हटलं.