मॉडेलमधला नातेवाईक

नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी प्रशासनाचं काम बघते. तिथल्या कॅज्युअल्टीची पद्धत मुळापासून बदलायची ठरली, तेव्हा पुण्याहून एक तरुण बाई आल्या. त्यांची रीत अशी होती: चालू कामाचं आधी चित्र, म्हणजे मॉडेल, काढायचं, ते कॉम्प्युटरवर चालवायचं, कुठं अडतंय ते शोधायचं, मग नवं चित्र काढून तेही चालवायचं. शेवटी कॉम्प्युटर म्हणतो तसं खरंच घडतं का, ते प्रत्यक्षात बघायचं. ही रीत भरवशाची आहे का, हे ठरवणाऱ्यांत मला घेतलं. आम्ही हो म्हटलं, तर ओपीडी, औषधं, बिलं, सगळीकडे तीच लागू होणार होती.

बाई कितीतरी दिवस दारापाशी स्टूल टाकून बसल्या. मग एकदा त्यांनी मला स्क्रीन दाखवली. प्रत्येक पेशंट म्हणजे एक निळा ठिपका. दारातून आत यायचा, केसपेपरच्या खिडकीपाशी थांबायचा आणि थांबून थांबून लाल व्हायचा. बाकी सगळी वाट मोकळी, एवढीच जागा लालभडक.

"मॅडम, तुमचं सगळं इथं तुंबतंय," त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं. बाप बाकावर कण्हतोय आणि मुलगा खिडकीवर तालुक्याचं नाव सांगतोय, हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. नव्या चित्रात खिडकी वाटेतून उचललेली होती. पेशंटच्या मनगटाला नंबरची पट्टी बांधायची, थेट खाटेवर न्यायचं, सिस्टरनं सोबतच्या नातेवाइकाला लागेल तेवढं विचारायचं, उपचार सुरू करायचे. कागद मागाहून. बाईंनी ते चित्र चालवलं आणि ठिपके पाटाच्या पाण्यासारखे सरळ निघून गेले.

मी मात्र त्या पट्टीपाशीच अडले.

"एकाची पट्टी दुसऱ्याला बांधली गेली तर?" मी विचारलं. बाईंनी ते मनावर घेतलं, पट्टी दोनदा तपासायची पायरी चित्रात घातली आणि पुन्हा चालवून दाखवलं. तरी माझी भीती गेली नाही. "अजून काय वाटतंय ते सांगा, तेही घालते," त्या मनापासून म्हणाल्या. पण मला सांगता येईना. घरी कणीक मळताना मधेच हात थांबायचे. काहीतरी राहिलंय असं वाटायचं आणि ते काय ते कळायचं नाही.

खरी चाचणी सुरू झाली. नियम एकच होता: बघणाऱ्यांनी फक्त बघायचं. आम्ही मधे पडलो तर नव्या पद्धतीची नाही, आमचीच परीक्षा होईल, असं बाईंचं म्हणणं. पहिले दिवस चांगले गेले. सिस्टर लोकही खूश होत्या. मी तेवढी अंग चोरून भिंतीपाशी उभी असायचे.

एका दुपारी धाकट्या भावाचा कर्जतहून फोन आला. "आपा, अब्बाच्या छातीत लई दुखतंय. घाम फुटलाय. जीपमधी घातलंय, तुज्याच दवाखान्यात आनतोय."

कर्जतचा रस्ता डोळ्यांपुढे आणून मी ते कुठवर आले असतील याचा अंदाज करत राहिले. मी बाईंना सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आले की लगेच घेऊ."

जीप आली तेव्हा त्याच दारात उसाच्या फडावरून एक टेम्पोही आला होता. त्यातही एक म्हातारे गृहस्थच, दम लागलेले. दोघांना एकदमच आत घेतलं. मी आधी पट्ट्या बघितल्या, दोन्ही बरोबर होत्या. अब्बांच्या छातीला ईसीजीच्या तारा लागल्यासुद्धा. जुन्या पद्धतीत एवढ्या वेळात त्यांचं नाव लिहून झालं नसतं. मला हायसं वाटायला लागलं.

तेवढ्यात सिस्टर गोळी घेऊन आली. तिनं नियमाप्रमाणे विचारलं, "नातेवाईक कोण आहेत?"

खाटेपाशी कोणीच नव्हतं; मी बघणाऱ्यांत, भिंतीपाशी उभी. दारात टेम्पो अडकला म्हणून वॉचमननं भावाला जीप मागं घ्यायला पाठवलं होतं. सिस्टरनं अब्बांनाच विचारलं, "बाबा, कुठल्या गोळीची ॲलर्जी?"

अब्बांना कमी ऐकू येतं. कळ सोसत ते म्हणाले, "न्हाई, न्हाई. कमी न्हाई झालं." दुखणं कमी झालं का, असं विचारतेय, असं त्यांना वाटलं होतं.

"चावून खा," सिस्टर म्हणाली.

ती ॲस्पिरिन होती. पूर्वी एकदा तीच घेऊन अब्बांचं तोंड सुजलं होतं, श्वास कोंडला होता, तेव्हा मीच जवळ होते, पण फोननंतरच्या घाईत ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं होतं. फक्त बघायचा नियम सोडून मी ओरडलेच, "नको! ती देऊ नका! ॲस्पिरिन चालत नाही त्यांना!"

सिस्टरचा हात जागीच थांबला. डॉक्टर धावत आले, मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी दुसरं औषध दिलं. मी अब्बांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. आणि समोर ते फडावरचे बाबा दिसले. त्यांना सोडून टेम्पोवाला निघून गेला होता. मनगटाला पट्टी, नाकाला ऑक्सिजन, आणि शेजारी कोणी नाही. दुसरी सिस्टर इंजेक्शन भरत होती. तेव्हा जी भीती वाटली ती अब्बांसाठीच्या भीतीहून वेगळी होती. या माणसासाठी ओरडणार कोण?

मी त्यांच्या कानापाशी वाकले. "बाबा, कधी कुठल्या औषधानं त्रास झाला होता का?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई बाई. दम्याचाच पंप घेतो. त्यो खोपीवरच ऱ्हायला."

डॉक्टरांना तेवढं पुरलं. संध्याकाळी त्या बाबांची सून विचारत विचारत आली, तोवर ते उशाला टेकून बसले होते. अब्बांना आयसीयूत हलवलं. ते वाचले, आता कर्जतला आहेत, जिना चढायचा नाही म्हणून कुरकुरतात.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "तुमच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याबरोबर नातेवाईक आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "मी बसले होते तेव्हा तो कायम खिडकीवर दिसायचा," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून धरूनच चालले." त्यांनी एकटे येणारे पेशंट घालून चित्र पुन्हा चालवलं. खाटांपाशी ठिपके लाल होऊ लागले. मग त्यांनी फक्त विचारपूस करणारी एक सिस्टर दारातच उभी केली, तेव्हा वाट पुन्हा सुटली.

मत द्यायच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "तर मग ही रीत घ्यायची का नाही?"

"घ्यायची," मी म्हणाले. "पण नुसती स्क्रीन बघून नाही. प्रत्येक विभागात अशीच उभं राहून चाचणी करायची, आणि बघणाऱ्याला मधे पडायची मुभा द्यायची."

बाईंनी मान डोलावली. आता ओपीडीचं चित्र निघतंय. तपासायला पुन्हा मलाच घेतलंय. सोमवारी तिथली चाचणी सुरू होतेय, आणि त्या विचारानं आत्तापासूनच छातीत धडधडतंय.