वळणावरचा काळा दगड

पन्नासच्या दशकात मी पाट्या रंगवून पोट भरत असे. एकदा विडीच्या एका एजंटाने मला मालेगाव-वाशीम रस्त्यावर पाठवलं. वळणावरच्या मोठ्या काळ्या दगडावर विडीचं नाव लिहायचं होतं. मी पहिलं अक्षर आखलं आणि तिथे खडी फोडणारी एक बाई दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"काहून रंगवून राह्यला?"

"पोटासाठी, बाई. दगड काय तुहा हाय?"

"नाई, तुहाही नाई. दिवसभर खडी फोडतो आमी. मान वर केली का हे सारं रान दिसते. तिथं मले विडी नाई पाहाची."

ती हलेना. बाकीच्या बायाही तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आधी मला राग आला, मग लाज वाटली. आखलेलं अक्षर मी फडक्याने पुसलं.

एजंटाला म्हणालो, "दुकानाच्या भिंती द्या. रस्त्यावरचे दगड मी रंगवणार नाही."

तो दुसरा रंगारी शोधणार, हे उघड होतं. म्हणून मी रस्त्याच्या साहेबांना अर्ज लिहिला आणि त्यावर सगळ्या बायांचे अंगठे घेतले. तीनदा खेटे घातले, तेव्हा कुठे त्या रस्त्यावर जाहिरातींना मनाई झाली. रस्त्यावरच्या जाहिरातींचं माझं काम कायमचं गेलं. पुढे मी दुकानांच्या पाट्यांवरच घर चालवलं.