हळकुंडाने पाडलेला खांडा

६ मार्च २०२४ रोजी, बुधवारी, सांगलीच्या बाजारात नव्या वस्तऱ्याची किंमत एक हजार आठशे पन्नास रुपये होती. आकारामने तो हातात तोलून पाहिला आणि दुकानदाराला परत दिला. "ह्याला माझा हात वळखत न्हाई," एवढेच म्हणाला.

आकाराम मूळचा आटपाडीचा. हळद बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचे सलून आहे. रोजच्या दाढ्या तो नवीन पाती घालूनच करतो. वडिलांचा पोलादी वस्तरा तो फक्त जावळासाठी बाहेर काढतो. आटपाडीच्या धोंडुबाईंच्या घरात नवऱ्याचे जावळ आकारामच्या वडिलांनी याच वस्तऱ्याने काढले, मुलाचे, म्हणजे अमृतचे, आकारामने. आता रविवारी नातू प्रांजलची पाळी होती.

आदल्या दिवशी, मंगळवारी, तेल लावायला त्याने वस्तरा काढून ठेवला होता. तेवढ्यात तानाजी हमाल दाढीला आला. खुर्चीतल्या व्यापाऱ्याशी त्याचा हळदीच्या रंगावरून वाद लागला. रंग बघायचा तर हळकुंड मोडून आत बघायचे, ही बाजाराची रीत. तानाजीने खिशातले हळकुंड काढले, समोरचा वस्तरा उचलला आणि दाबला. हळकुंड तसेच राहिले. धारेला तिळाएवढा खांडा पडला.

"तानाजी, तुज्या तोंडात दात न्हाईत व्हय रं?" आकाराम ओरडला.

"आवं तात्या, चाकूच वाटला मला."

कोणीतरी विजेच्या चाकावर धार काढायला सुचवले. आकारामने मान हलवली. चाकाने पाते तापते, पोलादाचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही. दगडावर हातानेच घासायचे. तेही नुसते खांड्यापाशी नाही, कारण तिथे धार आत जाते आणि पाते वाकडे कापते. तिळाएवढा खांडा घालवायला सगळी धार तेवढी खाली आणावी लागते.

बुधवारपासून तो गिऱ्हाईक नसेल तेव्हा दगडापाशी बसू लागला. पाते आडवे टेकवायचे, पाठ उचलायची नाही, एकदा या अंगाने, एकदा त्या. गुरुवारी धोंडुबाईंचा फोन आला.

"आकाराम, अमृत म्हंतोय मशीनवाल्याला सांगतो. काय करू रं?"

"आक्का, मशीनवाल्याला जेवायला बोलवा. जावळ मीच काढणार."

"आन लेकराला लागलं म्हंजी?"

"लागंल असं वाटलं तर मीच न्हाई म्हणीन. शनवारी सांगतो."

शुक्रवारी खांडा दिसेनासा झाला, पण नखावरून धार फिरवली की तिथे किंचित अडखळे. त्याने बारीक दगड घेतला. शनिवारी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून झाला तेव्हा मी नेहमीप्रमाणे दाढीला दुकानात शिरलो.

"बसा सायेब. तुमची कातडी लय मऊ हाय."

"म्हणजे प्रयोग माझ्यावर?"

"व्हय. तुमी ओरडाल तरी. लेकरू नुसतं रडंल."

उजवा गाल झाला. डाव्या जबड्याखाली एक केस ओढला गेल्यासारखा वाटला. मी ओरडायच्या आतच त्याचा हात थांबला. मला अर्ध्या फेसात बसवून तो पुन्हा दगडाकडे गेला. गिऱ्हाइके आली, मला बघून हसली, थांबली. त्याने वर पाहिले नाही. बऱ्याच वेळाने नवा फेस लावून त्याने तीच जागा पुन्हा घेतली, आणि वस्तरा फिरल्याचे मला फक्त आरशात दिसले.

हात पुसून त्याने आटपाडीला फोन लावला. "आक्का, येतो."

रविवारी प्रांजल मामाच्या मांडीवर आधी रडला, मग झोपला. कानामागेसुद्धा ओरखडा उठला नाही. जावळ संपल्यावर अमृतने स्वतःच वाकून डोके तपासले आणि मेव्हण्याला म्हणाला, "धाकटं झालं की त्येच्या टायमाला बी आकारामतात्यालाच सांगायचं." हे मला सोमवारी आकारामने सांगितले.

शनिवारी माझ्याकडे सुटे नव्हते. त्या दाढीचे साठ रुपये मी आकारामला अजून देणे लागतो.