तीन टिंबांचं फ्लायव्हील

दिलीप गेल्याचं मला त्याच्या मुलीकडून कळलं, तिला स्वतःला कळायच्या आधी. शनिवारी सकाळी सातला मैत्रेयीचा फोन आला. पंधरा वर्षांची पोर, एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "काका, बाबा उठत नाहीयेत. आई हलवतेय, पण उठतच नाहीयेत." परदेशातल्या या शहरात, बिशान नावाच्या वस्तीत, आमच्या इमारती शेजारी-शेजारी. लिफ्टची वाट न बघता मी जिने उतरलो आणि पळत सुटलो. त्यांचं दार उघडंच होतं. सुजातावहिनी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होत्या आणि स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून कुणीतरी इंग्रजीत आकडे मोजत होतं. मी त्यांच्या जागी बसलो. हाताखाली छाती गार लागली आणि मला कळलं… तरी अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी दाब देणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर मैत्रेयीलाही कळलं असतं.

दिलीप वाघमारे नागपूरचा, धातुशास्त्राचा इंजिनिअर. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये पाइपांना, टाक्यांना भेगा पडल्यात का हे तपासणं त्याचं काम. मी त्याच प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये. कंपनीच्या बसमध्ये आम्ही सात वर्षं शेजारी बसलो. तो म्हणायचा, "भेग दिसली की मला भीती वाटत नाही. दिसली नाही की वाटते." मी हसायचो. त्याचा जीव मात्र भलत्याच गोष्टीत अडकलेला. अमेरिकेत एके काळी तरुण मुलं जुन्या, साध्या गाड्या घेऊन त्यांची इंजिनं वेगवान करायची. त्या हॉट रॉड गाड्यांसाठी लहान लहान वर्कशॉपवाले अ‍ॅल्युमिनियमची हेड्स, मॅनिफोल्ड्स, हलकी फ्लायव्हील्स असे इंजिनाचे सुटे भाग ओतून, कातून विकायचे. त्यांची दुकानं कधीच बंद झाली, नावं पुसली गेली. दिलीप ते सुटे भाग जमवायचा आणि त्यांच्यावरच्या खुणांवरून बनवणाऱ्याचा माग काढायचा. इथल्या नव्या घरांत बॉम्बहल्ल्यात आसरा घ्यायला जाड लोखंडी दाराची एक शेल्टरची खोली असते, सगळे तिची अडगळीची खोली करतात. दिलीपच्या त्या खोलीत फळ्यांवर हेच. "हातानं केलंय रे कुणीतरी," तो एखादा तुकडा पुसत म्हणायचा, "त्याचं नाव नको कळायला?"

चार वर्षांपूर्वी त्याला इथल्याच एका भंगारवाल्याकडे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक फ्लायव्हील मिळालं. इंजिनाच्या मागे फिरणारं हे जड चाक. ते कातून हलकं केलं की गाडी झटकन वेग घेते. हे तर फारच कातलेलं होतं. नाव नव्हतं, कडेला फक्त पंचने मारलेली तीन टिंबं. ते अमेरिकेतून आलेलं नव्हतं, इथेच कुणीतरी अमेरिकन माल पाहून केलेलं होतं. दोन वर्षं जुन्या मेकॅनिकांना विचारत विचारत तो अंकल लिमपर्यंत पोचला. ऐंशीच्या घरातला, वाळकुडा म्हातारा. खाण्याच्या स्टॉल्सच्या एका हॉकर सेंटरमध्ये आम्ही दोघं त्याला भेटलो. दिलीपनं हौसेनं पिशवीतून चाक काढून टेबलावर ठेवलं. म्हाताऱ्यानं कॉफीचा कप बाजूला सारला आणि टिंबांवरून बोट फिरवलं.

"कुठं मिळालं हे?" तो त्याच्या तुटक इंग्रजीत म्हणाला. "गाडीत घालू नको हां! अजिबात घालू नको!"

मग हळूहळू सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी त्यानं आपली तीन टिंबांची खूण मारून अशी तीन चाकं केली होती. पहिलं स्वतःच्या धाकट्या भावाच्या गाडीत बसवलं. भावानं अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला आणि चाक फुटलं. तुकडा गाडीचा पत्रा फाडून वर आला. भावाचा पाय गुडघ्यापासून गेला. उरलेली दोन तोवर विकली गेली होती. त्यानं दुकान बंद केलं. त्यानंतर रस्त्यावर मोठ्यानं गाडी गुरगुरली की तो होता तिथंच उभा राहायचा, आवाज लांब जाईपर्यंत. "एक तू आणलंस," तो म्हणाला. "एक अजून फिरतंय."

त्या दिवसापासून म्हाताऱ्याची भीती दिलीपला लागली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत विचारता विचारता तिसरं चाक सापडलं. दातांचे एक निवृत्त डॉक्टर, त्यांची हिरवी छोटी ब्रिटिश गाडी. दुरुस्तीच्या वेळच्या फोटोत तीन टिंबं स्पष्ट दिसत होती. दर रविवारी ते सात वर्षांच्या नातीला शेजारी बसवून आइस्क्रीम खायला न्यायचे. दिलीपनं समजावलं तर डॉक्टर हसले. "इतकी वर्षं काही झालं नाही. बसा, दाखवतो." दिलीप पुढं, मी मागं. एक्स्प्रेसवेवर त्यांनी गाडी सोडली. इंजिनाचा आवाज चढत चढत किंचाळायला लागला. पायाखालचा पत्रा थरथरत होता आणि त्याच पत्र्याच्या पुढच्या टोकाखाली ते चाक होतं. मी दोन्ही पाय सीटवर घेतले. लाज वाटली नाही. दिलीपचं तोंड घामानं निथळत होतं. "डॉक्टर, प्लीज," तो एवढंच म्हणत होता, "डॉक्टर, प्लीज…" उतरल्यावर मी पार्किंगच्या कठड्यावर बसून राहिलो.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला होता : "डॉक्टर ऐकत नाहीत. उद्या परत जातो. येशील?" मी नुसता अंगठा पाठवला.

तेराव्या-चौदाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आता त्या चाकाची भीती असलेली दोनच माणसं उरलीत, त्यातला एक ऐंशीचा म्हातारा. माझी झोप उडाली. डॉक्टरांना फोन केले. त्यांनी सांत्वन केलं, विषय बदलला. शेवटी वहिनींना सांगितलं. त्या लगेच उठल्या. आत गेल्या, भंगारातलं ते चाक आणि दिलीपचे भेगा शोधायचे तीन फवाऱ्याचे डबे पिशवीत भरून बाहेर आल्या. "रविवारी जाऊ. त्यांची ती भेगेची टेस्ट मला येते. घरी पावडर मीच मारायचे."

आम्ही पोचलो तेव्हा नात गाडीत बसलेली होती, पट्टा लावून. वहिनींनी डॉक्टरांच्या पोर्चमध्येच वर्तमानपत्र पसरलं. आणलेल्या चाकावर लाल रंग फवारला, घड्याळ लावून थांबल्या, रंग स्वच्छ पुसला, वर पांढरी पावडर मारली. डॉक्टर सौजन्य म्हणून बघत होते. मिनिटभर काही नाही. मग पांढऱ्यावर, एका बोल्टच्या भोकापासून, भेगेत मुरलेला रंग वर येत केसाएवढी लाल रेघ उमटली आणि आमच्या डोळ्यांदेखत लांबत गेली.

"हे कधीचं पडून होतं," वहिनी इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचं अजून फिरतंय."

डॉक्टरांनी वाकून गाडीची किल्ली काढली. मग नातीचा पट्टा सोडून तिला गाडीतून उतरवलं.

पुढच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये गाडी उघडली. त्या चाकावर दोन भोकांना जोडणारी अखंड भेग होती. मेकॅनिकनं नखानं दाखवली, रंगाची गरजच पडली नाही. कटरनं चाकाचे चार तुकडे केले. फोटो घेऊन आम्ही अंकल लिमकडे गेलो. त्यानं फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, डोळे पुसले. मग वहिनींना विचारलं, "तुमचा नवरा मला कशासाठी शोधत होता? गाडी तर त्याच्याकडे नव्हती."

"तुमचं पूर्ण नाव विचारायचं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "पण तुमची गोष्ट ऐकल्यावर विचारायला धजले नाहीत."

म्हाताऱ्यानं स्टॉलवाल्याकडून पेन मागून घेतलं आणि कागदी नॅपकिनवर चिनी अक्षरांत सावकाश नाव लिहिलं. आम्हा दोघांनाही ते वाचता येत नाही. तो नॅपकिन आता शेल्टरच्या खोलीत आहे. मैत्रेयीनं वरच्या फळीला, बाबाचं बोट पोचायचं तिथं, टेपनं चिकटवलाय.