झाकलेले ताट

रविवार, १५ जानेवारी १९६७. सकाळी साडेदहाला मी बोईसरहून पालघरची पॅसेंजर धरली.

तारापूरला वीजकेंद्र बांधले जात होते. तेथे मी नकाशे काढीत असे. रविवारी पालघरच्या वृद्धाश्रमात एका आजींपाशी बसावयास जाई. त्या केळव्याच्या. त्यांना भेटणारे दुसरे कोणी उरले नव्हते. मी त्यांचा पाहुणा, आणि पाहुण्याआधी जेवायचे नाही ही घरची रीत त्यांनी आश्रमातही सोडली नव्हती. त्यांना मधुमेह होता. अकराला इन्सुलिनची सुई, पाठोपाठ जेवण. मागच्या खेपेस सिस्टरांनी बजावले होते, "सुईनंतर त्या उपाशी राहिल्या तर साखर उतरून शुद्ध जाईल. वेळेवर या."

गाडी पालघरच्या सिग्नलबाहेर थांबली. अकरा वाजून गेले. गार्ड म्हणाला, "पुढे मालगाडी आहे. केव्हा सुटेल, सांगता येत नाही." मी खडीवर उतरलो. प्रथम चाललो, मग धावलो. धावणे माझ्या स्वभावात नाही.

आश्रमात पोहोचलो तेव्हा सिस्टर पुरुषांच्या खोलीत होत्या. आजी कॉटवर ताठ बसलेल्या. पुढे ताट, त्यावर माझे रिकामे ताट झाकलेले. थंडीतही कपाळ घामाने भिजले होते.

"आले सायेब. आमाला वाटलं, तुमाला शिमिटात पुरला."

"आधी जेवा."

"पाय धुवा. पावणा उपाशी आन् मी जेवू? तशी रीत नाय."

शब्द जड पडत होते. मी सिस्टरांना हाक मारली. वाद घालण्यास वेळ नव्हता.

आदल्या दिवशी संक्रांत झाली होती. शेजारच्या बिऱ्हाडातून आलेला तिळगूळ खिशात होता. आजींना गोड वर्ज्य, म्हणून तो बाहेर काढायचा नव्हता. मी वाकून नमस्कार केला आणि एक लाडू त्यांच्या तळहातावर ठेवला. तिळगूळ परत करण्याचीही रीत त्यांच्या घरी नव्हती. त्यांनी तो तोंडात टाकला. मी आणखी एक दिला.

"सिस्टरला सांगू नका," त्या पुटपुटल्या.

सिस्टर माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी नाडी धरली. घाम ओसरेपर्यंत मी जागचा हललो नाही. मग पाय धुतले, वरचे ताट घेतले, त्यात वाढून घेतले, पहिला घास घेतला. दुसरा आजींनी घेतला.

निघण्यापूर्वी सिस्टरांशी ठरवले, यापुढे मी दारात दिसल्याखेरीज सुई द्यायची नाही. मग दोन्ही ताटे राखेने घासून पालथी घातली.