टचिंगकाकांचा दुपारच्या खेळातला साक्षात्कार

टचिंगकाका सिनेमागृहातून बाहेर पडले ते जवळजवळ धावतच. साठीला आलेला माणूस, एरवी दोन जिने चढले की गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडणारा, पण त्या दुपारी गुडघ्यांना विचारतंय कोण? कोपऱ्यावर त्यांचा नेहमीचा केस कापणारा भेटला. त्याला दंडाला धरून थांबवून त्यांनी सांगितलं की आज जे पाहिलं, ते आजवर कुठल्या प्रवचनात ऐकलं नव्हतं. केस कापणाऱ्याने सिनेमाचं नाव विचारलं. ते काही काकांना आठवेना. नटी कोण, तेही सांगता येईना. लिफ्टवाला आहे त्यात, एवढंच म्हणाले आणि पुढे सुटले.

काकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. चौतीस वर्षं ते एकाच फोटो स्टुडिओत टचिंग करत आहेत. फोटो मालकीणबाई काढतात. काका मागच्या खोलीत बसून माणसांच्या चेहऱ्यावरचं नको ते काढून टाकतात. आधी निगेटिव्हवर पेन्सिल आणि केसाएवढा ब्रश चालवायचे, आता कॉम्प्युटरवर चालवतात. मुरूम, कांजिण्यांचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दुसरी हनुवटी, सगळं साफ. हात असा की फोटो घ्यायला आलेल्या माणसाला आपण असेच दिसतो याबद्दल तिळमात्र शंका येत नसे. एक गृहस्थ तर फोटो चुकून धाकट्या भावाचा दिलाय म्हणून परत करायला आले होते. हा किस्सा काका स्वतःच सांगत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत.

सिनेमाचे पास मालकीणबाईंना मिळाले होते, त्यांना सवड नव्हती, म्हणून ते काकांकडे आले. प्रेमाचा विनोदी सिनेमा म्हटल्यावर काकूंनी कपाटं आवरायची असल्याचं सांगितलं. काका एकटेच गेले. गार हवेत दोन तास ताणून द्यावी, इतकाच त्यांचा धार्मिक हेतू होता.

सिनेमात एक अतिशय प्रसिद्ध नटी होती. तिचा चेहरा एका कंपनीने ठरवून दिलेला. हसायचं किती, रडायचं कुठे, कुणाच्या प्रेमात आहोत असं दाखवायचं, सगळं करारात लिहिलेलं. एकदा ती लिफ्टमध्ये अडकते, दिवे जातात, आणि अंधारात तिच्यासोबत असतो लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन तास ते गप्पा मारतात, आणि त्याने तिला पाहिलेलंच नसतं. पुढे सगळा गोंधळ. ती साध्या चेहऱ्याने आपल्याच चाळीस फुटी जाहिरातीखाली उभी राहून त्याच्या घराचा पत्ता विचारते आणि एकही माणूस तिला ओळखत नाही. शेवटी ती वैतागून पत्रकारांना बोलावते, डोक्यावरचा खोट्या केसांचा टोप काढून टेबलावर ठेवते आणि मी अशी आहे म्हणून सांगते. टाळ्यांचा कडकडाट होतो. दुसऱ्या दिवशी कंपनी गावभर नवे फलक लावते, त्यावर तिचाच टोप नसलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'खरी ती'. ती कपाळावर हात मारून घेते आणि लिफ्टवाल्याकडे पळून जाते.

पण काकांची झोप उडाली ती इंटरव्हलच्या जरा आधी. कंपनीच्या ऑफिसात एक टचिंगवाला होता. तीन मिनिटांचं काम, अगदीच चिल्लर. तो नटीच्या फोटोवरचा एक तीळ काढायला बसतो. तीळ जातो, मग शेजारची रेघ खुपते, मग गाल, मग हनुवटी, आणि पुसता पुसता बिचाऱ्याच्या हातून नटीचा एक कान नाहीसा होतो. त्याच्या लक्षातही येत नाही. मान तिरकी करून तो म्हणतो, आता कशी छान दिसते. अख्खा हॉल खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने काका हसले, कारण मान अगदी त्यांच्यासारखीच तिरकी होती. मग एकदम त्यांचं हसू थांबलं. शेजारच्या बाई पुढची दहा मिनिटं त्यांच्याकडे काळजीने बघत होत्या.

त्यांना मुलगी आठवली होती.

मुलीच्या डाव्या गालावर जन्मखूण आहे, गडद लाल, डोळ्यापासून जबड्यापर्यंत. पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढला तेव्हा काकांनी ती ब्रशने घालवली. नातेवाइकांना फोटो पाठवायचे होते, कुणी काही बोलायला नको, पोरीला पुढे वाईट वाटायला नको. दुसऱ्या वाढदिवसाला पुन्हा घालवली. मग तो रिवाजच पडला. शाळेचे, सहलीचे, पदवीचे फोटो, घरातल्या कुठल्याच अल्बममध्ये तिच्या गालावर कधी काही नव्हतं. बाप म्हणून आपण हे तिच्यासाठी करतो याचा काकांना केवढा अभिमान.

मुलगी शिकली, इस्पितळात तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. ओळखपत्राचा फोटो अर्थात बाबांच्याच स्टुडिओत काढला, आणि हाताला लागलेली सवय, त्यांनी नकळत तोही साफ केला. पहिल्याच दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि तिला बाजूला उभं केलं. वरचा साहेब येईपर्यंत पाऊण तास ती तिथे उभी होती आणि आत जाणारा प्रत्येक माणूस एकदा कार्डाकडे, एकदा तिच्या गालाकडे बघून जात होता. संध्याकाळी तिने कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"ही मुलगी कोण आहे, बाबा?" तिने विचारलं. "तुम्ही मला एकदा तरी बघितलंत का?"

याला अकरा महिने झाले. भांडण वगैरे काही नाही. मीठ द्या, दिवा बंद करा, एवढं ती बोलायची. फोटो लागला तर स्टेशनवरच्या यंत्रात काढून घ्यायची. काकांनी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्यांच्या तोंडून, अगं तुझ्याच भल्यासाठी, असं निघून गेलं. आता ती दोन वर्षांसाठी दूर शिकायला निघाली होती. आठ दिवस उरले होते. मुलगी अशीच गेली तर पुन्हा कधी आपली होणार नाही, या धास्तीने काकांचं जेवण कमी झालं होतं.

आणि आता त्यांना वाट सापडली होती. म्हणून ते पळत होते.

घरी येऊन त्यांनी काकूंना उभ्या उभ्या सगळा सिनेमा सांगितला, टोपासकट. मग वही काढून लिहायला बसले. जगाला दाखवायचा चेहरा वेगळा आणि आतला माणूस वेगळा. अंधारात ओळख होते ती खरी. जो दुसऱ्याला पुसतो तो स्वतःही थोडा पुसला जातो. सत्य चारचौघांत सांगावं. एकेक वाक्य झालं की मोठ्याने वाचून दाखवत.

"हसायला गेला होतात की दीक्षा घ्यायला?" काकूंनी विचारलं, पण त्यांनाही बरं वाटलं होतं. या माणसाच्या आवाजात इतकी धार त्यांनी वर्षभरात ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा गेले, या वेळी स्वतःचं तिकीट काढून. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिकीट देणाऱ्याला वाटलं, म्हातारा नटीवर भाळला.

रविवारी चिंतन मंडळात त्यांची पाळी होती. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमणारे चाळीसेक लोक. नियम साधा. ज्याची पाळी, त्याने एक ग्रंथ आणायचा, लाकडी स्टँडवर ठेवायचा, त्यातला उतारा वाचायचा आणि वीस मिनिटं बोलायचं. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर. बारा वर्षांत कुणी ग्रंथाशिवाय बोललेलं नव्हतं. काकांनी मुलीलाही यायला सांगितलं होतं. तिने बघते म्हटलं, म्हणजे नाहीच.

काकांनी खिशातून सिनेमाचं तिकीट काढून स्टँडवर ठेवलं. पोस्टमास्तरांनी ते उचलून उलटसुलट पाहिलं आणि ग्रंथ कुठे आहे, असं विचारलं. हाच, काका म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत सुरू झाले.

असे ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. लिफ्ट कशी अडकते ते त्यांनी हात पसरून दाखवलं. फलकाखालची नटी झाले, पत्ता सांगणारा माणूस झाले. मागच्या बाकांवरचे लोक पुढे सरकून बसले, पोस्टमास्तर हसू दाबता दाबता खोकले. आणि टचिंगवाल्याच्या प्रसंगाशी आल्यावर काकांना दाराशी मुलगी दिसली, हातात हेल्मेट धरून उभी. त्यांचा ऊर भरून आला. आता किंवा कधीच नाही, असं वाटून त्यांनी सगळं सांगून टाकलं. पहिला वाढदिवस, ब्रश, अल्बम, ओळखपत्र, पाऊण तास. मी माझ्या पोरीला पंचवीस वर्षं पुसत आलो, असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

टाळ्या थांबेनात. दोन बायका डोळे पुसत होत्या. पोस्टमास्तरांनी उठून मिठी मारली आणि हे भाषण मंडळाच्या पत्रिकेत छापायचं जाहीर केलं. काका हवेत होते. त्या खांद्यांच्या गर्दीतून त्यांनी दाराकडे पाहिलं, तर दारात कुणी नव्हतं.

घरी आले तेव्हा मुलगी तिच्या खोलीत बॅग भरत होती. काका उंबऱ्यात उभे राहिले. चेहरा अजून तापलेला, हातात वही.

"तुम्ही चाळीस लोकांना सांगितलंत, बाबा," ती स्वेटरची घडी घालत म्हणाली. "मला नाही सांगितलंत. आणि माझा गाल मात्र सगळ्यांनी वळून वळून बघितला."

काकांच्या अंगातली हवाच गेली. टोप टेबलावर ठेवणारी नटी, कडकडाट, दुसऱ्या दिवशीचे ते फलक. तीनदा पाहिला होता तो भाग, तिन्ही वेळा हसले होते, वहीत उतरवलाही होता, आणि कळला होता नेमका उलटा. टाळ्या त्यांना आवडल्या होत्या म्हणण्यापेक्षा त्यांनी त्या मोजल्यासारख्या मनात साठवल्या होत्या. लाजेने त्यांचे कान लाल झाले. वही त्यांनी बाहेरच्या टेबलावर ठेवली, परत आले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी नव्हतं ते. लोक मला काय म्हणतील, याची भीती वाटायची. आजही तेच केलं मी. मला चांगलं म्हणवून घेतलं."

मुलीने घडी घातलेला स्वेटर बॅगेत ठेवला. मग तिने त्यांच्याकडे पाठ केली.

"कशी आहे ती खूण?" तिने विचारलं. "न बघता सांगा. तुम्हाला ठाऊक तरी आहे का?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं, पण शब्दांत ते त्यांना कधीच जमलेलं नव्हतं. त्यांनी तिच्या टेबलावरची पेन्सिल घेतली, सामानाची यादी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर रेघ ओढायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात, तिथे ती नखाएवढीच रुंद. खाली येता येता पसरलेली. कानाच्या बाजूला आत गेलेलं एक खोलगट वळण. नाकाकडे सुटे तीन ठिपके, मधला जरा फिका. जबड्यापाशी निमुळती होऊन दोन टोकं, एक आखूड, एक लांब. हात एकदाही अडला नाही. खूण काढून टाकायची म्हणजे आधी तिच्या कडेकडेने फिरावं लागतं, केसाकेसाने, चेहरा भिंतीएवढा मोठा करून. हे त्यांनी शेकडो वेळा केलं होतं. ते रेघ ओढत होते आणि बोलत होते. थंडीत ही कड गडद होते. तू सात वर्षांची होतीस तेव्हा ही दोन टोकं जोडलेली होती, मग गाल भरला तशी सुटली. तू खरं हसतेस तेव्हा हा भाग वर सरकतो, उगीच हसतेस तेव्हा नाही सरकत. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकं पाहिलं होतं त्यांनी, आणि ते सगळं फक्त घालवण्यासाठी पाहिलं होतं.

मुलीने कागद घेतला आणि आरशापाशी गेली. एकदा कागद, एकदा गाल. बोटाने तिने कड चाचपली, वळणापाशी थांबली, तीन ठिपके मोजले. मग तिने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदावर, जबड्याच्या जरा खाली, एक बारीक ठिपका काढला.

"हा राहिला," ती म्हणाली. "या वर्षात आलाय."

हा मला दिसलाच नव्हता, काका म्हणाले.

तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली, केस कानामागे सारले आणि डावा गाल उजेडाकडे करून बसली.

"मग बघा आता," ती म्हणाली. "नीट बघा. मला घाई नाहीये."