पहिला तांब्या
परवा सायकलीच्या चेनला ग्रीस लावताना तो वास नाकात गेला आणि जळकोटकडचं ते गाव आठवलं. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. आमच्या कंपनीनं गावाला हापसा दिला होता आणि तो बसवायला मी एकटा फिटर गेलो होतो. लोकांना भरवसा वाटावा म्हणून पहिला तांब्या फिटरनंच प्यायचा, ही कंपनीची रीत. हापसून हापसून आधी लाल गढूळ, मग नितळ पाणी आलं. मी तांब्या भरून प्यायलो. घागरी घेऊन आलेल्या बाया मात्र जागच्या हलेनात. एक म्हातारी पुढं आली. "कुणाचा रं तू लेकरा?" आम्ही बौद्ध, खरं सांगितलं असतं तर त्या हापशाला कुणी हात लावला नसता. मी म्हणालो, "कंपनीचा हाय, माय." "मंग काय हरकत न्हाई," म्हणत तिनं घागर लावली आणि मागं रांग लागली. आमच्या समाजाच्या बाया लांब उन्हात उभ्या होत्या. त्यांना मी हाक मारली नाही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं मला पितळी तांब्या दिला, त्यावर माझं पूर्ण नाव कोरलंय. त्यातून मी अजून घोटभरही पाणी प्यायलेलो नाही.